महालक्ष्म्यांची कंबर

मागच्या भाद्रपदात आमच्या घरच्या महालक्ष्म्या बारीक झाल्या. त्यांच्या तब्येतीला काही झालं नव्हतं. जे काय झालं होतं ते माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या मोबाइलला.

पुण्या-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्या नागपूरकडे महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, तीन दिवस माहेरपणाला येतात आणि घरच्या बायांना तीन दिवस उभ्या ठेवतात. माझ्या सासरी तिघी जावा. संसार वेगवेगळे, पण महालक्ष्म्या मोठ्या जाऊबाईंकडे, मानेवाड्याच्या घरी. देवीचं धड म्हणजे पत्र्याची कोठी. खाली रुंद, मध्ये रुंद आणि वर किंचित कमी रुंद. तिच्यात गहू-तांदूळ भरायचे, वरून लुगडं नेसवायचं आणि पितळेचा मुखवटा बसवायचा. कोठी भरायचा मान आमच्या घरात लेकीचा. ओंजळीनं धान्य टाकत तिनं म्हणायचं, "पोटभर जेव वं माय." माझी मुलगी बोबडं बोलायची तेव्हापासून हे म्हणत आली. आता ती वीस वर्षांची आहे, कॉलेजात जाते, आणि गेल्या वर्षी देवीला ते म्हणायची वेळ आली तेव्हा तिचं स्वतःचं पोट पाठीला लागलं होतं.

मुलगी कशामुळे बिघडली असं विचारलं तर आमच्या पिढीच्या आया लगेच मोबाइलकडे बोट दाखवतात. जणू आम्ही दासबोध वाचत मोठ्या झालो. आमच्या लहानपणी हेच काम टीव्ही करायचा, आणि तोही काही कमी मनापासून नाही. जाहिरातीतल्या सावळ्या मुलीला नोकरी मिळत नसे. मग ती गालाला क्रीम चोपडायची, चेहरा उजळायचा आणि लगेच नोकरी, नवरा आणि वडिलांचे आनंदाश्रू एकाच डबीतून निघायचे. मी सावळी आणि अंगानं भरलेली. मी ती क्रीम दोन वर्षं लावली. नोकरी मला शेवटी परीक्षा देऊन मिळाली, ही गोष्ट त्या कंपनीला कळवायची राहूनच गेली. नंतर मालिका आल्या. त्यांतल्या सुना झोपताना शालू नेसायच्या आणि दवाखान्यात बेशुद्ध असतानाही त्यांची लिपस्टिक शुद्धीवर असायची. नागपूरच्या मे महिन्यात, कूलरमध्ये पाणी ओतून ओतून आमचा अवतार झालेला असायचा, आणि सासरची माणसं त्या सुनांकडे बघून म्हणायची, "पाह्यलं? बाई कशी पाहिजे!" आम्हीही पाहायचो. पाहून पाहूनच तर आम्ही बाया झालो.

पण टीव्हीचं एक बरं होतं. तो बैठकीत असायचा आणि रात्री बंद व्हायचा. माझ्या मुलीचा गुरू तिच्या उशीखाली झोपतो.

सुरुवात अगदी कौतुकास्पद होती. तिनं साखर सोडली. मग तेलकट सोडलं. मग भात सोडला, पोळी सोडली, आणि एक दिवस सकाळच्या तर्री-पोह्याला "नको" म्हणाली. नागपूरच्या मुलीनं तर्री-पोह्याला नको म्हणावं, हे ऐकून तरी मी दचकायला हवं होतं. मी म्हटलं, पोरगी आरोग्याकडे लक्ष देऊन राहिली. तिचा दिवसाचा आहार सांगायचा तर सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी आणि रात्री फोन. फोनमध्ये बाया एकसारख्या कंबरा वळवून सांगत होत्या की स्वतःवर प्रेम करा. प्रेम कसं करायचं, तर आधी स्वतःला अर्धं करायचं. उरलेल्या अर्ध्यावर प्रेम करायला सोपं जातं म्हणे.

लोकांनी साथ दिली. आपले लोक तशा कामात कधी मागे हटत नाहीत. ती पूर्वी जरा गुबगुबीत होती तेव्हा लग्नाकार्यात तिच्या दंडाला चिमटा काढून "काय खाते वं?" विचारणाऱ्या बाया आता कौतुकानं "काय खात नाही वं?" विचारू लागल्या. मुलगी लाजून हसायची. वर्गात पहिली आली होती तेव्हाही इतक्या लोकांनी तिचं अभिनंदन केलं नव्हतं.

मग केस गळायला लागले. न्हाणीच्या जाळीत गुंता अडकू लागला. जिना चढून आली की ती भिंतीला टेकून उभी राहायची आणि विचारलं की म्हणायची, "काही नाही, मेसेज पाहून राहिली." पाळी थांबली, तेही तिनं सांगितलं नाही. कपाटातली पाकिटं तशीच पडलेली पाहून माझ्या लक्षात आलं. डॉक्टरबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "हिचं शरीर एकेक काम बंद करत चाललंय. असंच राहिलं तर भरती करावं लागेल." एका समुपदेशकबाईंकडे जायलाही सांगितलं. मुलीनं मान डोलावली, "जेवीन" म्हणाली. मी घाबरले होते. रात्री ती झोपली की तिच्या खोलीच्या दारात उभी राहून श्वास चालतोय ना, हे मी बघायची. ती तान्ही होती तेव्हा बघायची तसंच.

समुपदेशकबाईंची वेळ महालक्ष्म्यांच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची मिळाली. तोवर माझी सगळी भिस्त पुरणावर होती. तुम्ही हसाल, पण होती. महालक्ष्म्यांच्या जेवणाला नाही म्हणायची आमच्या घरात रीतच नाही. साखरेचा आजार असलेले मोठे दीरसुद्धा त्या दिवशी गोळी खिशात ठेवून पुरणपोळीवर तुपाची वाटी उपडी करतात. सोळा भाज्या, कढी, वडे, ज्वारीची आंबील. देवीसमोर तरी ही खाईल, असा माझा हिशेब.

त्या आधीच्या आठवड्यात धाकट्या जाऊबाईंनी मोबाइल पुढे केला. मनानं वाईट नाहीत त्या, हौशी आहेत. साड्या नेसवण्याचे व्हिडिओ टाकतात, आणि त्यांना पाहणारी माणसं आमच्या अख्ख्या नात्यागोत्यापेक्षा जास्त आहेत.

"ताई, हे पाहा लोकांच्या महालक्ष्म्या. आणि आपल्या पाहा. आपल्या तर टाक्या दिसतात."

मोबाइलमधल्या महालक्ष्म्यांना कंबर होती. कंबर म्हणजे अशी की कंबरपट्टा घालायला सोनाराला सोनं कमी लागावं.

मोठ्या जाऊबाई काटोलकडच्या. त्या म्हणाल्या, "काहून वं, देवी काय पोरं पाह्यले जाऊन राहिली काय?" पण त्यांचा विरोध तेवढ्यावरच संपला, कारण माझी मुलगी मध्येच म्हणाली, "मोठी आई, खरंच छान दिसतील. जुन्या फारच जाड दिसतात." तिच्या तोंडून कितीतरी दिवसांनी काहीतरी उत्साहाचं निघालं होतं. मग कोणाच्यानं नाही म्हणवलं नाही. माझ्याच्यानंही नाही.

इतवारीच्या बाजारात दुकानदारानं फायबरची दोन धडं काढून काउंटरवर उभी केली. छाती, कंबर, नितंब, सगळं मापात. देवीला एवढं सगळं कशासाठी लागतं, हे विचारायची मला लाज वाटली.

"वैनी, कोठीचा जमाना गेला न आता. सगळे हेच घेऊन जाऊन राहिले."

"आणि धान्य कुठं भरायचं?"

"धान्य?" त्याला प्रश्न कळेना. "वैनी, देवी आहे न, गोडाऊन थोडीच आहे!"

धड आतून पोकळ होतं, पण वरून खालून बंद. मोठ्या जाऊबाईंचा जीव खालीवर झाला. रिकाम्या पोटाची देवी घरात उभी करायची कशी? शेवटी धाकट्या जाऊबाईंनीच तोडगा काढला. मूठभर गहू-तांदूळ फडक्यात बांधून ती पुरचुंडी निऱ्यांच्या आत कमरेला खोचायची. धान्याचं धान्य झालं आणि पोट काही दिसत नाही. माझ्या मुलीनं पुरचुंड्या बांधल्या. "पोटभर जेव वं माय" म्हणाली ती, सवयीनं. देवीच्या वाट्याला आलेलं ते पोटभर माझ्या एका मुठीत मावलं असतं.

आवाहनाच्या संध्याकाळी मुखवटे बसवले तेव्हा फॅशनची एक अडचण लक्षात आली. आमचे मुखवटे जुने, भरीव पितळेचे, कोठीच्या हिशेबानं घडवलेले. फायबरच्या त्या कमरेला ते पेलेनात. ज्येष्ठा पुढे झुकली, तिला सावरेपर्यंत कनिष्ठा बहिणीच्या खांद्यावर कलली. दोघींना चक्कर आल्याचं मी स्पष्ट पाहिलं. मग माझ्या नवऱ्यानं स्टुलावर चढून दोघींच्या मानेमागून नायलॉनची दोरी घेतली आणि खिडकीच्या गजाला बांधली. वरून गजरे सोडले. समोरून बघणाऱ्याला देवी प्रसन्न मुद्रेनं उभी दिसत होती. मागून बघणाऱ्याला ती खिडकीला टांगलेली होती. धाकट्या जाऊबाईंनी अर्थातच समोरून व्हिडिओ काढला. मुलगी आरतीचं ताट घेऊन बाजूला उभी होती, तीही त्यात आली.

दुसऱ्या दिवशी, पूजेच्या दिवशी, येणारी प्रत्येक बाई दारातूनच ओरडत होती, "बाई बाई, किती स्लिम दिसून राहिल्या यंदा महालक्ष्म्या!" आणि लगेच नजर माझ्या मुलीकडे वळायची. "आणि ही पण! तुम्ही तिघींना एकाच जिमला टाकलं काय?" मुलगी हसत होती. तिच्या गळ्याखालची हाडं ब्लाउजच्या वर मोजता येत होती आणि बाया त्यांचं कौतुक करत होत्या. मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. मी कोशिंबीर कालवली.

महानैवेद्य झाला, पंगती बसल्या. आमच्याकडे आधी पुरुष आणि पाहुणे, मग सवाष्णी, मग लेकरं आणि शेवटी घरच्या बाया. म्हणजे तोवर वडे संपलेले असतात आणि भूकही. मुलीनं पदर कमरेला खोचला आणि वाढायला उभी राहिली. काय तिचा झपाटा! वाटीत आमटी कमी दिसली की हजर, पानात पोळी संपायच्या आत दुसरी हजर. माझे चुलतसासरे म्हणाले, "पोरगी लक्ष्मी आहे. सगळ्यांले जेवू घालून मंग बसते." सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्या घरात ही जाईल त्या घराचं भाग्य, वगैरे. मीही क्षणभर सुखावले. मग मी वाट पाहू लागले की ही बसते कधी.

सवाष्णी उठल्या. मी मोठ्या जाऊबाईंना विचारलं, "ही जेवली काय?"

"मले वाटलं तुह्यासोबत बसन."

धाकट्या म्हणाल्या, "मला वाटलं, मोठ्या ताईंनी तिला मघाशीच नैवेद्याचं पान दिलं."

आणि तिथंच, हातात वाढायचा डाव घेऊन उभी असताना, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या घरात पाहुण्याला दहादा विचारतात, लेकराच्या मागे घास घेऊन पळतात, जावयाला तर शपथा घालतात. फक्त जी वाढते तिला कोणी विचारत नाही की तू जेवलीस का. ती जेवतेच कधीतरी, मागे, ओट्याशी. न जेवण्यासाठी याहून सुरक्षित जागा कुठली असणार? माझ्या मुलीनं ती बरोबर शोधून काढली होती. कित्येक महिने ती घरी म्हणत होती, "आई, तू बस, बाबांना मी वाढते, मग माझं घेते." आणि मी मैत्रिणींना सांगत होते की पोरगी किती समजूतदार झाली. उपाशी राहायला तिला मोबाइलनं शिकवलं होतं. ते लपवायची सोय मात्र खास आपली, पिढ्यानपिढ्या चालत आलेली, आणि वर त्याबद्दल शाबासकी.

मी तिच्या हातातलं पोळ्यांचं ताट काढून घेतलं. देवीच्या अगदी समोर पाट मांडला.

"बस."

"आई, लेकरं जेवायची आहेत अजून."

"लेकरांना तुझे बाबा वाढतील. बस."

मोठ्या जाऊबाई कानाशी येऊन पुटपुटल्या, "अवं, पाव्हणे पाहून राहिले. घरच्या बाया आधी बसतेत काय?"

"यंदा बसतात," मी म्हटलं, आणि हळू बोलायचं मला सुचलं नाही. "देवीची कंबर कापली तेव्हा रीत कुठं गेली होती?"

बैठकीतल्या सगळ्या माना पाटाकडे वळल्या. आमच्याकडे एवढ्या माना एकदम फक्त क्रिकेटमध्ये कोणी बाद झाल्यावर टीव्हीकडे वळतात. मुलगी पाटावर बसली. मी पान वाढलं. पुरणपोळी, तूप, भाज्या, सगळं. तिनं पोळीचा तुकडा मोडला. तो तुपात बुडवला, बोटांनी फिरवला, तोंडाजवळ नेला आणि परत पानात ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मला वाटलं, ही हट्ट करून राहिली, आणि मी चिडून काही बोलणार तेवढ्यात तिनं वर पाहिलं.

"आई, मी नाटक नाही करून राहिली." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मला खायचं आहे. खरंच खायचं आहे. पण घास तोंडाजवळ आला की भीती वाटते. आधी मीच नाही म्हणत होती. आता मी हो म्हणते तरी होत नाही."

माझी जीभ तिखट आहे, सगळं सासर सांगेल. पण त्या वेळी मी मुलीसमोर जमिनीवर बसले आणि रडले.

मोठ्या जाऊबाई आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. त्या आंबिलीची वाटी घेऊन आल्या आणि मुलीच्या शेजारी, पाहुण्यांदेखत, फतकल मारून बसल्या. त्या घरात मी लग्न होऊन आल्यापासून सगळ्यांची जेवणं उरकायच्या आधी त्यांना पानावर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "पोळी राहू दे," त्या म्हणाल्या. "हे पी. चावाचं नाई, काई नाई. मी बी पितो तुह्यासोबत." मुलीनं एक घोट घेतला आणि डोळे मिटून बराच वेळ तसाच तोंडात धरला. मग गिळला. जाऊबाईंनीही एक घोट घेतला. पुन्हा तिनं, पुन्हा त्यांनी. अर्धी वाटी व्हायला चांगला वेळ लागला. तेवढ्या वेळात माझ्या नवऱ्यानं लेकरांना कढी वाढली, थोडी पानांत आणि बरीचशी सतरंजीवर, आणि चुलतसासरे स्वतः उठून पाणी घेऊन आले. आभाळ काही कोसळलं नाही.

तिच्या पानातलं बाकी सगळं तसंच राहिलं. मी ते झाकून ठेवलं.

संध्याकाळी हळदीकुंकू आटोपलं तेव्हा आम्ही तिघी जावा आणि मुलगी देवीपाशीच टेकलो होतो. धाकट्या जाऊबाई मोबाइल बघत होत्या. दुपारच्या प्रकारानं त्या जरा ओशाळल्या होत्या, पण आदल्या दिवशीचा आरतीचा व्हिडिओ भलताच चालला होता, आणि तो आनंद त्यांच्या चेहऱ्यावरून लपत नव्हता.

"महालक्ष्म्यांपेक्षा हिलाच जास्त विचारून राहिले लोक," त्या मुलीला म्हणाल्या. "पाहा न, 'ताट घेतलेली ताई कोण आहे? किती फिट आहे! डाएट सांगा.' हे आणखी एक. आणि हे."

मुलीनं मोबाइल हातात घेतला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. कौतुक ऐकलं की तिच्या गालावर जे लाजरं हसू यायचं, ते आता येईल या भीतीनं माझा जीव टांगणीला लागला होता. ती वाचत खाली खाली जात राहिली. मग एका जागी थांबली आणि ते मोठ्यानं वाचलं.

"दीदी, मी नववीत आहे. मला पण तुमच्यासारखं व्हायचं आहे. तुम्ही दिवसभर काय खाता, प्लीज सांगा."

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, चांगलं मिरची लावलेलं. पण तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. मोबाइल धाकट्या जाऊबाईंच्या हातात परत दिला.

"काकू, हा व्हिडिओ काढून टाका."

"काहून? एवढ्या लोकांनी पाह्यला, आणि तू तर त्यात इतकी छान..."

"काढा न, काकू," ती म्हणाली. "ती पोरगी खरंच करून पाहील."